शंकेची वर्दी

पेढीची तिजोरी फुटली तर ती गोष्ट फार दिवस झांकून राहात नाहीं. ठेवीदार पैसे मागावयास आला कीं तूट उघडी पडते. माहितीच्या चोरीचें तसें नाहीं. चोरानें नेलेली माहिती मूळ ठिकाणीं जशीच्या तशी असते, आणि ती सांभाळणारा बोलला नाहीं तर धन्यास चोरीचा पत्ताहि लागत नाहीं. म्हणूनच चोरीची केवळ शंका असतांना व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकास कळवावें कीं नाहीं, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

या प्रश्नाचा इतिहास आम्हांस मुख्यतः कॅलिफोर्नियांत सांपडतो. २००२ च्या एप्रिलांत तेथील सरकारच्या संगणक-केंद्रांत कोणी परका शिरला. सुमारें २,६५,००० सरकारी नोकरांच्या पगाराची माहिती त्या यंत्रावर होती. मे महिन्याच्या आरंभीं हा प्रकार उघडकीस आला. नोकरांस मात्र तो आणखी दोन आठवड्यांहून अधिक काळ कळला नाहीं. त्याच वर्षीं कायदा मंजूर झाला व १ जुलै २००३ पासून अमलांत आला. चोरी सिद्ध झाली पाहिजे असें त्यांत नाहीं. ती झाली असें मानण्यास सयुक्तिक कारण असलें कीं वर्दी देणें भाग आहे.

या कायद्याची किंमत २००५ सालीं कळली. ‘चॉइसपॉइंट’ कंपनीनें आरंभीं फक्त कॅलिफोर्नियांतील सुमारें ३५,००० लोकांस पत्रें धाडलीं. इतर राज्यांनीं जाब विचारतांच तो आंकडा सुमारें १,४५,००० वर गेला! २०१८ पर्यंत अमेरिकेच्या पन्नासहि राज्यांनीं असे कायदे केले. तरी मोह सुटला नाहीं. २०१६ सालीं ‘उबर’च्या ५ कोटी ७० लक्ष लोकांची माहिती गेली असतां कंपनीनें चोरांस १ लक्ष डॉलर देऊन वर्षभर मौन धरलें, तिच्या सुरक्षा-प्रमुखास २०२२ सालीं न्यायालयानें दोषी ठरविलें.

वारंवार वर्दी आल्यास लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप आहे, व तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु त्यावर उपाय वर्दी नेमकी करणें हा होय, ती दडपणें नव्हे. पोलिसांच्या तपासास बाध येत असेल तर विलंबाची मुभा कॅलिफोर्नियाच्या कायद्यांतच आहे. सांकेतिक लिपींत सुरक्षित ठेवलेल्या माहितीस तो लागूच नव्हता. आपल्याकडील २०२३ च्या कायद्यांतहि बाधित व्यक्तीस कळविण्याची तरतूद आहे.

शंका खोटी ठरली तर गिऱ्हाइकाची एक रात्र काळजींत जाईल. खरी ठरली तर कुलूप बदलण्यास त्यास वेळ मिळेल. ही निवड करण्याचा अधिकार, आमच्या मतें, ठेव ठेवणाऱ्याचा आहे, सांभाळणाऱ्याचा नव्हे.