आजीच्या कार्डावरची टिकली

परवा गोंडपिपरीच्या घरी जुनी पेटी आवरताना आजीचं मतदार ओळखपत्र सापडलं. लॅमिनेशनच्या आत ओल शिरून फोटो पार पुसट झालाय. हा चेहरा आजीचा आहे हे आता फक्त घरच्यांनाच कळावं. पण कार्डावरची ती चंदेरी टिकली? दारात उन्हात धरली आणि लखलखली. आधी हिरवी, मग जांभळी.

शेषन निवडणूक आयुक्त असताना, १९९३ पासून, ही फोटोची ओळखपत्रं निघाली. आमच्या घरात आलेला हा पहिला होलोग्राम. "पाय न गा, हलवलं का रंगच बदलते!" असं म्हणून आजी आल्यागेल्याला कार्ड दाखवायची. मला तर नादच लागला. औषधांच्या, पार्टसच्या खोक्यांवरचे होलोग्राम सोलून मी कंपासपेटीत ठेवायचो. निम्मे सोलतानाच फाटायचे. ते मुद्दाम तसेच बनवतात, म्हणजे काढून नकली मालावर चिकटवता येत नाहीत, हे फार उशिरा कळलं.

गंमत म्हणजे होलोग्राम शोधला गेला तो नक्कल ओळखायला नाहीच. १९४७ साली इंग्लंडमध्ये डेनिस गॅबर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रतिमा सुधारायच्या खटपटीत होते, त्यात ही कल्पना सुचली. साध्या फोटोत फक्त उजेड किती आला ते उमटतं. होलोग्राममध्ये वस्तूवरून आलेल्या लहरी आणि थेट आलेल्या लहरी एकमेकींत मिसळून जी नक्षी होते, ती उमटते. त्यामुळे खोलीसुद्धा टिकते. पण त्याला लागणारा शिस्तीचा प्रकाश १९६० साली लेझर आला तेव्हा मिळाला. १९६४ मध्ये अमेरिकेत लीथ आणि उपात्निएक्स यांनी खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम मांडला. बघायला शास्त्रज्ञांची रांग लागली, आणि काचेमागे गाडी कुठे लपवलीय असं काहींनी विचारलं म्हणे! गॅबरना १९७१ मध्ये नोबेल मिळालं.

मग कलाकार यात उतरले. होलोग्राम घेताना लहरीच्या लांबीच्या अंशाएवढाही हादरा चालत नाही आणि त्यासाठी लागणारी टेबलं फार महाग. सॅन फ्रान्सिस्कोच्या मंडळींनी तोडगा काढला : हवा भरलेल्या ट्यूबांवर लाकडी पेटी, पेटीत रेती, आणि रेतीत रोवलेले आरसे. हे वाचलं तेव्हा हसूच आलं. वर्धा नदीकाठच्या तालुक्यात रेती आणि ट्यूब यांची काय कमी!

न्यूयॉर्कमध्ये १९७६ साली होलोग्रामचं संग्रहालयच निघालं. ते १९९२ मध्ये बंद पडलं आणि संग्रह एमआयटीच्या संग्रहालयाकडे गेला. दरम्यान स्टीफन बेंटन यांनी १९६८ मध्ये साध्या उजेडात दिसणारा इंद्रधनुषी होलोग्राम शोधला होता. पुढे तो साच्यावरून प्लॅस्टिकवर छापता येऊ लागला आणि स्वस्त झाला. मार्च १९८४ च्या नॅशनल जिऑग्राफिकवर होलोग्रामचा गरुड झळकला, एक कोटीहून जास्त प्रतींवर. त्याच सुमारास क्रेडिट कार्डांवरही होलोग्राम आले. कलेचा शिक्का झाला तो असा.

जिवंत माणूस एवढा स्थिर बसणार कसा? त्यावरही उपाय निघाला. निमिषाहून कितीतरी कमी वेळात चमकून जाणाऱ्या लेझरने १९६७ पासून माणसांचे होलोग्राम घेता येऊ लागले. गॅबर यांचाही घेतलाय. डोकं जरा बाजूला नेलं की त्यांचा गाल, कान, खांदा वेगळा दिसतो.

म्हणजे ज्या विद्येने आजीचा सुरकुतलेला चेहरा खोलीसकट राखता आला असता, तीच विद्या आमच्या घरी आली ती "हे कार्ड खरं आहे" एवढं सांगायला. चेहरा गेला, शिक्का राहिला. पण होलोग्राम बघायचा कसा, हे आजीला कोणी शिकवावं लागलं नाही. तीच आम्हाला दाखवायची, कार्ड हळूहळू तिरकं करत, स्वतःच्या फोटोकडे ढुंकूनही न बघता.

असो. कंपासपेटीही सापडली, पण आतल्या टिकल्या एकमेकींना चिकटून बसल्यात. आजीचं कार्ड मात्र मी बरोबर आणलंय. इथे खिडकीत सकाळी आठच्या सुमारास ऊन येतं.