उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसरातील पर्यावरण व नगर प्रशासन कायद्याची वकिली

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील परस्परांना लागून असलेली तीन शहरे आहेत. नदी-नाल्यांचे प्रदूषण, सांडपाणी, अनधिकृत व धोकादायक इमारती यांविषयी या शहरांत उद्भवणाऱ्या वादांत पर्यावरणविषयक आणि स्थानिक स्वराज्य संस्थाविषयक असे दोन्ही कायदे एकाच वेळी लागू होतात. दोहोंत पारंगत असलेल्या वकिलांच्या कामाचे स्वरूप या लेखात दिले आहे. अशा विधिज्ञास बोलीभाषेत आजही क्वचित ‘बॅरिस्टर’ म्हटले जाते. तथापि ॲडव्होकेट्स अधिनियम, १९६१ नंतर भारतात ‘ॲडव्होकेट’ हा वकिलांचा एकच वर्ग उरला आहे.

== पार्श्वभूमी ==
फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींमध्ये आसरा देण्यात आला. १९४९ साली या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. अंबरनाथ व बदलापूर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) वसाहती उभ्या राहिल्या व त्यांत रासायनिक कारखाने आले. उल्हासनगरात महानगरपालिका आहे. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर येथील कारभार नगर परिषदांच्या चौकटीत वाढला. त्यामुळे पहिल्या शहराला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम (मूळ १९४९) लागू होतो, तर नगर परिषदांना १९६५ चा वेगळा अधिनियम. औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसीचे अधिकार चालतात आणि प्रदूषणाच्या बाबतीत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे.

पाणी मात्र या हद्दी मानत नाही. वालधुनी नदी अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून वाहत उल्हासनगर व कल्याणकडे जाते. उल्हास नदीवर बदलापूरपासून खाली अनेक ठिकाणी पिण्याचे पाणी उचलले जाते. एकाच नदीच्या आधारे लोक पाणी पितात आणि तिच्याच खोऱ्यात सांडपाणीही सोडले जाते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनीच्या पात्रात टँकरने रसायन ओतल्यामुळे विषारी वायू पसरला आणि उल्हासनगरातील शेकडो रहिवाशांना श्वसनाच्या त्रासामुळे रुग्णालयात न्यावे लागले.

== जबाबदारी निश्चित करणे ==
या वकिलीतील सर्वांत कठीण काम म्हणजे दोष कोणाचा हे ठरवणे. कारखाना सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे बोट दाखवतो, केंद्र कारखान्याकडे, नगर परिषद एमआयडीसीकडे. त्यामुळे अर्जात साऱ्यांनाच प्रतिवादी करून प्रत्येकाचे वैधानिक कर्तव्य स्वतंत्रपणे मांडावे लागते. मंडळाने दिलेल्या संमतिपत्रातील अटी हा तुलनेचा पहिला आधार असतो. पुरावाही नियमाने घ्यावा लागतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ नुसार मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदारास सूचना देऊन, नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात. एरवी तो अहवाल पुरावा म्हणून टिकत नाही. नागरिकाने बाटलीत भरून आणलेले काळे पाणी लक्ष वेधून घेते, पण खटला जिंकून देत नाही.

निधी नाही ही स्थानिक संस्थांची नेहमीची सबब आहे. तिला सर्वोच्च न्यायालयाने रतलाम नगर परिषद विरुद्ध वर्दीचंद (१९८०) या निकालात उत्तर दिले आहे: पैशाची अडचण सांगून वैधानिक कर्तव्य टाळता येत नाही. पर्यावरण सुरक्षा समिती खटल्यात (२०१७) याच न्यायालयाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी कालमर्यादा घालून दिली.

== उल्हास नदीचा दावा ==
२०१० च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित लवादाचे पश्चिम विभागीय पीठ पुण्यास आहे. कलम १४ खालील वाद सहा महिन्यांत, तर कलम १५ खालील भरपाईचा दावा पाच वर्षांत दाखल करावा लागतो. दोन्हींत आणखी साठ दिवसांची सवलत मिळू शकते. ‘वनशक्ती’ या संस्थेने उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध २०१३ मध्ये या पीठापुढे अर्ज केला. जुलै २०१५ मध्ये लवादाने स्थानिक संस्था, एमआयडीसी आणि प्रक्रिया केंद्रे यांच्यावर एकूण सुमारे ९५ कोटी रुपयांची आर्थिक जबाबदारी टाकली. ‘प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व अधिनियमाच्या कलम २० मध्ये आहे; पण दंड नगर परिषदेला झाला की तो अखेर करदात्याच्या खिशातून जातो, ही या निकालातील अडचण लक्षात घेण्यासारखी आहे. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले.

== इमारतींचे वाद ==
नगर प्रशासनाच्या बाजूस सर्वाधिक वाद बांधकामांचे आहेत. उल्हासनगरात निर्वासितांना दिलेल्या सनदा, नगर भूमापनाचे नकाशे आणि प्रत्यक्ष ताबा यांचा मेळ सहसा बसत नाही. त्यामुळे वकिलास आधी कागद लावून घ्यावे लागतात. ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेल्यानंतर राज्य शासनाने २००६ साली केवळ या शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा अधिनियम केला. एका शहरापुरता असा कायदा ही असाधारण गोष्ट होय.

पाडकामाच्या नोटिसा मुख्यतः महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली, तसेच महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६० खाली निघतात. पहिल्या कायद्यातील कलम १४९ दिवाणी न्यायालयाची वाट बहुतांशी बंद करते, म्हणून रहिवाशाला अनेकदा थेट उच्च न्यायालयात जावे लागते. नोटीस बजावण्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी दिली होती काय, मोजणी कोणी व कधी केली, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरतात.

घर वाचवणे आणि जीव वाचवणे या दोन मागण्या येथे वारंवार समोरासमोर येतात. मे २०२१ मध्ये उल्हासनगरातील एका इमारतीचे छत कोसळून सात जणांचा मृत्यू झाला. धोकादायक इमारत रिकामी करण्याचा अधिकार आयुक्तांना कलम २६४ देते. रहिवासी जाण्यास तयार नसतात. कारण अनधिकृत इमारत पडली की पुनर्विकासाचा हक्क राहील याची हमी त्यांना कोणी देत नाही. त्यामुळे अशा प्रकरणी वकील केवळ स्थगिती मागत नाही. संरचनात्मक परीक्षण, तात्पुरता निवारा आणि ताब्याची लेखी नोंद यांचे आदेशही तो मागतो. त्यांपैकी ताब्याची नोंद सर्वांत उपयोगी पडते.