समारंभाला गेल्या आणि पावणेतीन वर्षे राहिल्या



सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे, असे मी आधी म्हटले होते. पण दिवाळीत घरी एक प्रश्न निघाला. माझी मुलगी यवतमाळला कॉलेजात आहे. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिला कधी अमरावती, कधी नागपूर गाठावे लागते. ती म्हणाली, "आई, फिरणं, बोलणं आणि अभ्यास, हे तिन्ही एका जिवानं कसं करावं?" मी लाडू वळत होते, उत्तर सुचले नाही. नंतर पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचायला घेतले, आणि वाटले की हा प्रश्न आधी त्यांना पडायला हवा होता.

११ मार्च १८८६ या दिवशी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. आनंदीबाई जोशी यांना वैद्यकीची पदवी मिळाली. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. आनंदीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झाले, चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले. त्याच बाईने परदेशी जाऊन आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला. निघण्यापूर्वी १८८३ साली बंगालात श्रीरामपूरला भर सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जातो हेही त्यांनी सांगितले होते. पण थंडी आणि आजार यांनी शरीर पोखरले. परत आल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्यांचा अंत झाला. वय एकवीस. हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते.

रमाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत आल्या होत्या, विधवा, सोबत पाच वर्षांची होऊ घातलेली मनोरमा. इंग्लंडला त्या वैद्यकी शिकायला गेल्या होत्या. कानाने कमी ऐकू येई म्हणून तो मार्ग बंद झाला. मग चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीतही. तिकडे त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, त्यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. तो वाद इथे नको. समारंभाला म्हणून गेलेली ही बाई अमेरिकेत राहिली ती १८८८ च्या नोव्हेंबरपर्यंत.

या काळात त्यांनी काय केले ते पाहा. फिलाडेल्फियात बालवाडीचे शिक्षण घेतले, म्हणजे पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. गावोगाव सभांत हिंदुस्थानातील स्त्रियांची, विशेषतः बालविधवांची स्थिती सांगितली. 'हाय कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १८८७ साली निघाले. प्रवास झाला सुमारे ३०,००० मैल. आपण आर्णीवरून यवतमाळला जाऊन आलो तर दोन दिवस कंबर धरून बसतो!

हे कसे जमले? माझ्या मते याचे उत्तर अमेरिकेत नाही, त्यांच्या बालपणात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई तीर्थोतीर्थी पायी फिरत आणि पुराण सांगत. लक्ष्मीबाईंना नवऱ्याने संस्कृत शिकवले होते, त्यांनी ते मुलीला शिकवले. भागवताचे हजारो श्लोक मुलीला पाठ. चालणे, लोकांसमोर बसून पुराण सांगणे आणि पाठांतर, ही त्या घरात तीन वेगवेगळी कामे नव्हतीच. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, तरी रमाबाई भावाबरोबर चालतच राहिल्या आणि १८७८ साली कलकत्त्याला पंडितांच्या सभेत 'पंडिता' ठरल्या.

अमेरिकेतही तेच झाले. भाषणासाठी ज्या गावी जात तिथल्या शाळा, स्त्रियांच्या संस्था डोळे उघडे ठेवून बघत. तोच त्यांचा अभ्यास. पुस्तकात जे मांडले तेच सभेत सांगत, आणि सभा ऐकलेले लोक पुस्तक घेत. पैसाही असाच उभा राहिला. १३ डिसेंबर १८८७ ला बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि विधवांच्या शाळेचा खर्च दहा वर्षे उचलण्याचे तिने कबूल केले. कमी ऐकू येणारी बाई परक्या भाषेत हजारोंसमोर बोलते, आणि मी हळदीकुंकवाला दोन मिनिटे बोलायचे तर पदराचे टोक पिळते!

ते इंग्रजी पुस्तक त्यांनी आईला अर्पण केले आहे. मला हे फार आवडले. मायदेशी आल्यावर १८८९ साली अमेरिकेची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीतही पुस्तक काढले. तिकडच्या स्त्रियांनी चालवलेल्या मंडळ्यांविषयी त्यांनी त्यात लिहिले आहे. आपल्यासारख्यांनी तेवढे तरी जरूर वाचावे.

मुलीला फोनवर हे सारे सांगितले. ती म्हणाली, "पण आई, आनंदीबाईंचं काय?" खरेच आहे. शरीराने साथ दिली नाही तर कोणतीच युक्ती चालत नाही. मी तिला वेळेवर जेवत जा म्हणाले.

रमाबाईंनी मुंबईला विधवांसाठी शारदा सदन उघडले ते ११ मार्च १८८९ ला, आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी. तिथे सुरुवातीला दाखल झालेल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. १८९३ साली तिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला.