आतल्या दरवाज्याची अट

स्मरणिका समितीनं मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितला, तेव्हा नोंदणी, पहिली सर्वसाधारण सभा, लिफ्ट, बोअरवेल असं सगळं अपेक्षित असणार. ते अध्यक्षांच्या मनोगतात येतंच आहे. मी फक्त एका फायलीबद्दल लिहितो. ऑफिसच्या लोखंडी कपाटात, ऑडिटच्या गठ्ठ्याखाली ती परवा सापडली. वर माझ्याच अक्षरात लिहिलंय : 'तळमजला – वापर बदल – २००२'. आज जिथं दातांचा दवाखाना आहे तिथं चौदा वर्षं मॅटर्निटी होम होतं, आणि त्यावरून आपल्या सोसायटीत दोन तट पडले होते, हे नव्या सभासदांना माहीत असायचं कारण नाही.

सोसायटीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. रस्त्याच्या बाजूचे तळमजल्यावरचे दोन जोडफ्लॅट एका डॉक्टरीणबाईंनी घेतले आणि सहा खाटांच्या मॅटर्निटी होमसाठी 'ना हरकत' मागणारं पत्र कमिटीला दिलं. मी तेव्हा सेक्रेटरी. पत्र नोटीस बोर्डावर लागलं आणि त्याच संध्याकाळी जिन्यात सभा भरली. "राहत्या इमारतीत हॉस्पिटल? कायद्यानं चालतं का?" हा प्रश्न प्रत्येकानं विचारला. मीही ठामपणे सांगितलं, चालत नाही. निवासी झोन म्हणजे फक्त निवास. दुसऱ्या दिवशी बसून मी वॉर्ड ऑफिसला अकरा मुद्द्यांचं हरकतीचं पत्र लिहिलं. त्याची कार्बन कॉपी फायलीत आहे. आता वाचताना लाज वाटते. 'कोणत्याही थरातील नातेवाईक वेळीअवेळी जिन्यात बसतील' हा त्यातला चौथा मुद्दा.

पुढं नियम नीट वाचले तेव्हा कळलं, की माझं पहिलंच वाक्य चुकीचं होतं.

आपली इमारत बांधली गेली बृहन्मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीखाली. लोक तिला डीसीआर म्हणतात. त्यात निवासी विभागात काय काय चालेल याची यादी आहे, आणि ती वाचण्यासारखी आहे. रोजच्या गरजेची दुकानं म्हणून जी दुकानं मोजली आहेत त्यांत रेशनचं दुकान, पानपट्टी, शिंपी, केस कापायचं सलून, भाड्यानं सायकली देणारा, फुलवाला, बांगड्यांचं दुकान, लाकूड-कोळशाची वखार, फिरतं वाचनालय आणि व्हिडिओ लायब्ररी आहे! १९९१ साली साहेबांच्या डोळ्यांसमोर जी गल्ली होती ती जशीच्या तशी कायद्यात उतरलीय. प्रत्येकापुढं मापही आहे. साध्या दुकानाला २० चौरस मीटर, वाण्याला ५०, वखारीला ३०. म्हणजे नुसतं 'चालेल' नाही; 'एवढंच असेल तर चालेल'.

आणि दवाखान्यांचं कलम तर आमच्यासाठीच लिहिल्यासारखं. नुसता तपासणीचा दवाखाना किंवा पॅथॉलॉजी असेल तर कुठल्याही मजल्यावर चालेल. पण रुग्ण मुक्कामाला राहणार असतील, म्हणजे मॅटर्निटी होम किंवा नर्सिंग होम असेल, तर तळमजला, स्टिल्ट किंवा पहिला मजला. ये-जा करायला स्वतंत्र वाट. तो जिना इमारतीच्या भोवती सोडायच्या मोकळ्या जागेत अजिबात नको. आणि या सगळ्यावर आयुक्तांची खास लेखी परवानगी. होय आणि नाही यांच्या मधला हा तिसरा खण. आपल्यातले बहुतेक भांडणारे या खणापर्यंत पोचतच नाहीत. मीही पोचलो नव्हतो.

हा खण आला कुठून, ते मी निवृत्तीनंतर सवडीनं वाचलं. मुंबईत १८९६ ला प्लेग आला, १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट झाला. ट्रस्ट नवे रस्ते काढायचा, जमिनी भाडेपट्ट्यानं द्यायचा आणि काय बांधायचं याच्या अटी भाडेपट्ट्यातच घालायचा. सरकार मालक, त्यामुळं अट घालणं सोपं. खरी अडचण दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर. त्यासाठी १९१५ ला मुंबई नगररचना कायदा आला, देशातला अशा प्रकारचा पहिला. (त्याच वर्षी गावदेवीला तल्मकींची सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी राहिली. आपल्यासारख्या सोसायट्यांची ती आजीच म्हणायची.) १९५४ चा कायदा त्यानंतरचा, आणि आज चालतो तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा. त्यात 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच जागेच्या वापरात मोठा बदल करणं बसवलंय. म्हणजे एकही वीट न हलवता राहत्या घराचं हॉस्पिटल केलंत तरी कायद्याच्या भाषेत तो विकासच, आणि त्याला परवानगी लागते.

हाच प्रश्न अमेरिकेत आपल्याही आधीपासून गाजत होता. न्यूयॉर्कनं १९१६ ला सगळ्या शहराचे विभाग पाडले. ओहायोमधल्या युक्लिड नावाच्या गावानं तसंच केलं, तेव्हा तिथल्या एका जमीनमालक कंपनीनं कोर्टात धाव घेतली. १९२६ ला सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी गावाच्या बाजूनं निकाल दिला. पण विभाग पाडले की लगेच पेच येतो : शाळा कुठं घालायची? चर्च? छोटं हॉस्पिटल? वस्तीला हवं तर असतं, पण त्याचा त्रासही असतो. म्हणून तिथं 'विशेष अपवाद' आले, पुढं त्यालाच कंडिशनल यूज परमिट म्हणू लागले. अर्ज येतो, आजूबाजूच्या घरमालकांना नोटीस जाते, गावाच्या मंडळापुढं उघड सुनावणी होते, शेजारी उठून बोलतात, आणि मंडळ गाड्या कुठं लागतील, दिवे किती वाजता बंद होतील अशा अटी घालून परवानगी देतं किंवा कारणं सांगून नाकारतं. परवानगी सहसा माणसाला नसून जागेला असते; मालक बदलला तरी अटी तिथंच राहतात.

आपल्याकडं फरक आहे तो इथं. १९६६ च्या कायद्याच्या ४५ व्या कलमात तीन वाटा आहेत : बिनशर्त परवानगी, अटींसह परवानगी, नकार. शेवटच्या दोन्हींची कारणं लिहून द्यावी लागतात. अर्जदाराला ते पटलं नाही तर ४० दिवसांत राज्य सरकारकडं अपील करता येतं. अर्जदाराला, शेजाऱ्याला नव्हे. विकास आराखडाच बदलायचा असेल तर हरकती-सूचना मागवतात. पण एका फ्लॅटच्या परवानगीसाठी शेजाऱ्याला बोलवायची सोय या कलमात नाही. सोसायटीचं म्हणणं ऐकलं जातं ते 'ना हरकत' द्यायचं आपल्या हातात असतं म्हणून. त्यातही आमची गंमत अशी, की जमीन तेव्हा बिल्डरच्याच नावावर होती. कन्व्हेयन्सचं रामायण अध्यक्ष लिहितीलच.

तर माझं अकरा मुद्द्यांचं पत्र. वॉर्ड ऑफिसात एका मध्यमवयीन इंजिनियरसाहेबांनी ते माझ्यासमोर वाचलं आणि शिसपेन्सिलीनं एकेका मुद्द्यावर काट मारत गेले. "कोण येणार यावर अट घालता येत नाही. कुठून येणार यावर येते," म्हणाले. "इमारतीची इज्जत मोजता येत नाही. पाणी मोजता येतं." अकरातले तीन उरले : वाट, पाणी आणि कचरा. पेन्सिलीच्या त्या रेघा अजून दिसतात. तेव्हा मला त्या माणसाचा राग आला होता. आता वाटतं, अर्ध्या तासात एवढं शिकवणारे मास्तर मला शाळेतही भेटले नव्हते.

परवानगी आली ती अटींसह. बाहेरचा जिना बाईंना बाजूच्या मोकळ्या जागेत काढायचा होता. तो नामंजूर झाला. ती जागा वेळप्रसंगी अग्निशमनाची गाडी फिरायला असते. मग वाट त्यांच्याच एका खोलीतून रस्त्याकडं काढावी लागली आणि त्यांच्या दोन खाटा कमी झाल्या. पाण्याची टाकी वेगळी. कचऱ्याला १९९८ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम होतेच.

त्यानंतर आमची विशेष सभा. चार तास चालली, इतिवृत्त नऊ पानांचं आहे. एका सभासदानं गंभीरपणे विचारलं, की हॉस्पिटलभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, मग आपल्या गणपतीच्या लाउडस्पीकरचं काय? त्यावर जास्त चर्चा झाली. शेवटी ३१ विरुद्ध १४ मतांनी 'ना हरकत' मंजूर झाली, पण सोसायटीच्या स्वतःच्या अटींवर. त्यातली पाचवी मी सुचवली : मॅटर्निटी होममधून आपल्या जिन्याच्या लॉबीत उघडणारा आतला दरवाजा कायम कुलूपबंद राहील, एक किल्ली सोसायटी ऑफिसात, दुसरी सेक्रेटरीकडं. पालिकेच्या पत्रात ही अट नव्हती. ती आमची. चौथा मुद्दा पेन्सिलीनं कापला गेला होता, तो मी कुलूप करून परत आणला, हे मला तेव्हा कबूल झालं नसतं.

तीन वर्षं काही झालं नाही. मग २६ जुलै २००५.

सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. संध्याकाळी सातच्या सुमाराला आपल्या तळमजल्यात पाणी शिरलं, आठला वीज गेली. आत तीन बायका होत्या, त्यातली एक अडलेली. रस्त्याकडच्या, त्या परवानगीतल्या स्वतंत्र वाटेवर कमरेच्या वर पाणी आणि ओढ. कोरडी वाट एकच, आतला दरवाजा आणि आपला जिना. दरवाज्याला कुलूप. एक किल्ली ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, ऑफिसही तळमजल्यावरच, पाण्यात. दुसरी किल्ली माझ्या खिशात. आणि मी चर्चगेटहून पायी निघालेलो, अंधेरीच्या अलीकडं एका शाळेच्या वर्गात बाकावर बसून रात्र काढत होतो. खिशात घरच्या किल्ल्यांबरोबर ती वाजत होती. मला तिची आठवणही झाली नाही, हे खरं सांगतो.

वॉचमन आणि दुसऱ्या मजल्यावरच्या दोन कॉलेजातल्या मुलांनी लॉबीच्या बाजूनं पहारीनं कुलूप तोडलं. आतल्या बाजूला पाण्यात उभं राहून डॉक्टरीणबाई दार वाजवत होत्या, असं ती मुलं सांगायची. खुर्चीत बसवून तिघींना पहिल्या मजल्यावर नेलं. बरोबर वरचं घर ज्यांचं, ते त्या चौदा जणांतले सगळ्यांत कडवे विरोधक. त्यांच्या दिवाणखान्यात मेणबत्त्यांच्या उजेडात पहाटे मुलगी झाली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा त्यांच्या सौ. बाळंतिणीला शिरा देत होत्या. मला बघून डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "सेक्रेटरी, नवीन कुलूप आणू नका."

ऑगस्टमध्ये पुन्हा सभा झाली. दहा मिनिटांत संपली. पाचवी अट बदलली : दरवाजा बंद राहील, पण कुलपानं नाही, कडी त्यांच्या बाजूनं.

बाई २०१६ ला निवृत्त झाल्या. पहिला ग्राहक आला तो शिकवणीवर्गवाला. 'परवानगी आहेच की' म्हणाला. आम्ही ही फाईल त्याच्यापुढं ठेवली : परवानगी मॅटर्निटी होमला होती, वाटेल त्या वापराला नव्हे, वर्ग काढायचे तर नव्यानं अर्ज करा. तो परत आला नाही. मग दातांचे डॉक्टर आले. त्यांच्याकडं कुणी मुक्कामाला नसतं, त्यामुळं त्यांना तिसऱ्या खणात जावंच लागलं नाही.

फाईल मी नव्या सेक्रेटरींकडं दिली आहे. कडी अजून तिथंच आहे. मागच्या रंगकामात तिच्यावर ऑइलपेंट बसलाय, त्यामुळं घट्ट झालीय. दातांच्या डॉक्टरांना सांगितलंय, पावसाळ्याआधी घासून तेल घालून घ्या.