डॅम स्मॉल लिनक्स
डॅम स्मॉल लिनक्स : भेटपत्रिकेएवढ्या सीडीवर मावणारी, ५० एमबीच्या मर्यादेत बसविलेली परिचालन प्रणाली. जॉन अँड्र्यूज हे तिचे जनक. सीडीवरूनच सुरू होणे व यंत्रभाग ओळखून त्यांचे ड्रायव्हर आपोआप जोडणे, हे गुण तिला जर्मनीतील क्लाउस नॉपर यांच्या नॉपिक्स प्रणालीकडून लाभले. ४८६ वर्गाचा प्रक्रियक आणि १६ एमबी रॅम एवढ्यावर ती चाले.

तिच्या रचनेतील कळीचा निर्णय कर्नलविषयीचा होय. लिनक्स कर्नलची २.६ मालिका डिसेंबर २००३ मध्ये आली, तरी या प्रणालीने आटोपशीर व जुन्या यंत्रांना पुरेशी अशी २.४ मालिकाच राखली. पुढे नव्या यंत्रभागांचे ड्रायव्हर मुख्यतः २.६ साठीच लिहिले जाऊ लागले आणि टाकाऊ संगणक जगविणारी ही प्रणाली नव्या संगणकांवर अडू लागली. २.६ स्वीकारणारी डीएसएल-एन ही आवृत्ती निघाली. पण तिला ५० एमबीची मर्यादा सोडावी लागली. मूळ प्रणालीची शेवटची स्थिर आवृत्ती २००८ सालची. तिचे एक रचनाकार रॉबर्ट शिंगलडेकर यांनी टायनी कोअर लिनक्समध्ये गाभा लहान ठेवून बाकीचे सारे गरजेनुसार जोडण्याची वाट धरली; ती अधिक टिकाऊ ठरली. अँड्र्यूज यांनी २०२४ मध्ये जुने नाव पुन्हा चालविले, ते मात्र ७०० एमबीच्या पूर्ण सीडीची मर्यादा मानून.