सिंदबाद हमालाची गोष्ट कोणी लिहिली?

सिंदबाद एक नाही, दोन आहेत. एक खलाशी, दुसरा हमाल. बगदादच्या उन्हात ओझं वाहून दमलेला हमाल एका श्रीमंताच्या दारात टेकतो आणि नशिबाचं गाऱ्हाणं मांडतो. मालक त्याला आत बोलावतो. दोघांचं नाव एकच निघतं. मग खलाशी एकेक करून आपल्या सात सफरी सांगतो, हमालाला जेवू घालतो, सोन्याची शंभर-शंभर नाणी देतो. पण हमाल कुठला, त्याच्या घरी कोण आहे, हे शेवटपर्यंत कळत नाही.

'अलिफ लैला'त अशा मोकळ्या जागा पुष्कळ आहेत. दहाव्या शतकात बगदादच्या अल-जहशियारीने हजार गोष्टी जमवायला घेतल्या. ४८० रात्री झाल्या आणि त्याला मृत्यूने गाठलं, असं इब्न नदीम लिहितो. फ्रेंच भाषांतरकार गालाँकडे जे जुनं हस्तलिखित होतं, ते २८२ रात्रींच्या आसपास थांबतं. त्यात सिंदबाद नाही. तो वेगळ्या हस्तलिखितातून आला. अलाउद्दीनची गोष्ट १७०९ मध्ये हलबच्या हन्ना दियाबने गालाँना तोंडी सांगितली. सिंदबादच्या सातव्या सफरीचीही दोन वेगळी रूपं सापडतात. जिथे जागा रिकामी दिसली, तिथे कोणीतरी काहीतरी भरलं.

गोष्टीत हे चालतं. इतिहासात चालत नाही.

'आमचे पूर्वज अरबस्तानातून गलबताने आले' हे वाक्य कोकणातल्या अनेक मुसलमान घरांत ऐकू येतं. त्याला आधार अजिबात नाही असं नव्हे. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, अल-मसूदी सैमूरला, आजच्या चौलला आला. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचं तो सांगतो: सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक, आणि 'बयासिरा', म्हणजे हिंदमध्येच जन्मलेले मुसलमान. पण चौलच्या या नोंदीवरून मिरकरवाड्यातल्या एखाद्या घराची वंशावळ सिद्ध होत नाही. मधली हजार वर्षं आपण एका गलबतात बसवून टाकतो. शिवाय त्या गलबतावर आपला पूर्वज नेहमी व्यापारी असतो. खलाशी सिंदबादचे वारस व्हायला सगळे तयार. हमाल सिंदबादचा वारस कोणी होत नाही.

वास्तविक भाषेने हमालाची आठवण जपली आहे. 'हमाल' अरबी, 'खलाशी' अरबी, 'नाखवा' फारसी 'नाखुदा'वरून आलेला. हे शब्द दरबारात नव्हे, बंदरावर रुजले. ते बोलणारा माणूस इथलाच कोळी असेल, बाहेरून आलेला असेल, किंवा दोघांचं लेकरू असेल.

आज मिरकरवाड्याच्या बोटींवर नेपाळहून आलेले खलाशी आहेत. जाळी ओढतात, बर्फ भरतात, हंगाम संपला की गावी जातात. त्यांच्या गोष्टीतली जागाही रिकामीच आहे. पण ती भरायला अजून उशीर झालेला नाही. घरातल्या म्हाताऱ्या तांडेलाला, बोटीवरच्या परक्या पोराला नाव विचारावं, गाव विचारावं, आणि सांगतील तेवढंच लिहून ठेवावं.