दार लावले, यंत्र आले

१९४२ साली अमेरिका व मेक्सिको यांच्यात करार झाला आणि मेक्सिकन मजूर 'ब्रासेरो' या नावाने अमेरिकेच्या मळ्यांत राबू लागले. २२ वर्षांत सुमारे ४६ लाख करारपत्रे झाली. त्यांच्यामुळे स्थानिकांची मजुरी घटते, या कामगार संघटनांच्या तक्रारीनंतर १९६४ अखेर ही योजना बंद झाली. पण कॅलिफोर्नियातील टोमॅटोच्या मळेवाल्यांनी प्रामुख्याने तोडणीयंत्रांचा आश्रय घेतला. डेव्हिसच्या विद्यापीठात जॅक हॅना यांनी यंत्राचा मार सोसणारे वाण आधीच सिद्ध केले होते. जेथे ब्रासेरो अधिक होते तेथील मजुरी इतर ठिकाणांपेक्षा वेगाने वाढली नाही, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. परक्याला दार लावल्याने घरच्याच्या ताटात भाकरी आपोआप पडत नाही, हेच आम्हांला यातून उमगते.